व्हेन्सीचे केस

व्हेन्सीच्या केसांबद्दल ज्याला काहीच म्हणायचं नाही, असा माणूस अख्ख्या तारकर्लीत शोधून सापडला नसता. पोरगी पाच वर्षांची. रंगाने सावळी, डोळे मोठे, आणि डोक्यावर कोरड्या, नागमोडी केसांचा असा भारा की उन्हात उभी राहिली तर तिच्या आधी तिची सावली ओळखू यावी. मासे घेऊन येणारी बाई पाटी उतरवता उतरवता म्हणायची, "चेडवाच्या डोक्याक तेल लावीत नाय काय गो?" एसटीतला कंडक्टर तिकिटाबरोबर हसून सांगायचा, "हे केस काय काथ्यो? दोरी वळा दोरी!" चर्चमध्ये मागच्या बाकावरच्या बायका उपदेश ऐकायचं सोडून व्हेन्सीच्या वेणीतून सुटलेल्या बटा मोजत बसायच्या. आणि घरी व्हेन्सीच्या आईची, सिल्व्हियाची सासू होतीच. मार्गारेट दर रविवारी न चुकता म्हणायची, "आमच्या घराण्यात असले केस कोणाक नाय. हे आरोंद्याहून इले."

आरोंदा म्हणजे सिल्व्हियाचं माहेर. तिच्या बापाचे केस तसे होते, हे खरंच होतं. पण सासू ते असं सांगायची, की जणू हुंड्यात खोटं नाणं निघालं.

सुरुवातीची दोनेक वर्षं सिल्व्हियाने हे सगळं हसण्यावारी नेलं. त्याच काळात तिनेही पोरीच्या केसांवर नको ते प्रयोग केले. तेल थापलं, चापून चोपून वेण्या घातल्या, बारीक दातांच्या फणीने कोरडे केस ओढले. व्हेन्सी किंचाळायची आणि फणीत केसांचा पुंजका यायचा. सिल्व्हिया मालवणात बाजारपेठेतल्या एका मेडिकल दुकानात काउंटरवर कामाला होती. तिथे आलेल्या एका डॉक्टरीणबाईंना तिने एकदा हे सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "केसांत दोष काही नाही. ते कोरडे आहेत, तहानलेले आहेत. त्यांना ओढू नका, पाणी द्या."

तेव्हापासून सिल्व्हियाने पद्धत बदलली. घरची विहीर समुद्राजवळची, पाणी मचूळ. त्या पाण्याने केस राठ होतात हे तिच्या ध्यानात आलं. मग रविवारी ती व्हेन्सीच्या डोक्यापुरतं पाणी नळावरून कॅनमध्ये भरून आणायची. ओल्या नारळाचा घट्ट रस काढून तो केसांना लावायचा, वर जास्वंदीची पानं कुस्करून त्यांचा बुळबुळीत गर. पोरीला मागच्या पडवीत पाटावर बसवायची, हातात एखादं बिस्किट द्यायची. केस ओले असतानाच मोठ्या दातांच्या फणीने आधी टोकं सोडवायची, मग जरा वर, मग आणखी वर. टॉवेलने खसाखसा पुसणं बंद. नवऱ्याचा, रोनीचा जुना सुती टी-शर्ट डोक्याला गुंडाळायचा. मग एकेक बट बोटाभोवती फिरवून सोडून द्यायची. सुकले की ते केस लाटेसारखे खांद्यावर उतरायचे आणि व्हेन्सी मान हलवून हलवून ते गालांना लागतात का बघायची.

"बायोच्या लाडाक काय सीमाच नाय," मार्गारेट आतून म्हणायची. "आमी पण पोरां वाढयली."

सिल्व्हिया पुढची बट सोडवायला घ्यायची. आठवड्यातला तो एक तास तिचा आणि लेकीचा होता. तो सासूच्या तोंडी लागून नासवायची तिची इच्छा नव्हती.

त्या मे महिन्यात रोनीच्या धाकट्या भावाचं, कॉनरॅडचं लग्न ठरलं. नवरी वेंगुर्ल्याची. व्हेन्सीला फुलं घेऊन नवरीच्या पुढे चालायचं होतं, आणि त्या एका गोष्टीपायी ती महिनाभर अंगणात हळद-कुंकवाच्या रंगाची बोगनवेल हातात धरून मोजकी पावलं टाकत चालायचा सराव करीत होती. लग्नाला आठवडा राहिला तशी मुंबईहून रोनीची बहीण जॅनेट आली. जॅनेट हुशार बाई. विमानतळावर नोकरीला, बोलायला गोड, कपडे झकपक, आणि घरात पाऊल टाकल्यापासून सगळ्या कामांची सूत्रं आपोआप तिच्या हातात. मांडव कुठे, जेवणात काय, कोणी कोणत्या रंगाचं घालायचं, सगळं तिने ठरवलं. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. सिल्व्हियाचीही नव्हती.

पहिल्याच संध्याकाळी तिने व्हेन्सीला जवळ ओढून केसांतून हात फिरवला. "गो सिल्व्हिया, ह्यां असांच ठेवतलंस? फोटोत कसां दिसतला?"

"सोडून ठेवतलंय. रिबन लावतलंय. बरां दिसता," सिल्व्हिया म्हणाली.

"बघूया," जॅनेट म्हणाली.

ते 'बघूया' सिल्व्हियाच्या लक्षात यायला हवं होतं. पण घर पाहुण्यांनी भरलेलं, दुकानात मालकाने रजा दोनच दिवस दिलेली. गुरुवारी ती नेहमीसारखी कामावर गेली. जाताना व्हेन्सीला जॅनेटच्या हवाली केलं. आत्या आहे, परकी थोडीच आहे.

दुपारी परतली तेव्हा अंगणात खुर्च्या उतरवून घेणं चाललं होतं. पडवीत पाय ठेवायच्या आधीच तिच्या नाकात वास गेला. नासक्या अंड्यात कोणीतरी अत्तर ओतावं तसा वास. ओटीवर व्हेन्सी बसली होती, ताठ, मान न वळवता. तिच्या डोक्यावर केस होते, पण ते तिचे वाटत नव्हते. काळे, चपटे, सरळ, पावसात भिजलेल्या कागदासारखे कानांना चिकटलेले.

"मम्मा, बघ," व्हेन्सी म्हणाली. हसली नाही. "माका केस धुवूचे नाय हा. आंटीन सांगल्यान, लग्नापर्यंत पाणी लावचां नाय."

सिल्व्हियाने पिशवी खाली ठेवली. लेकीजवळ बसून तिने हळूच केस बाजूला केले. डाव्या कानामागे मानेवर लालभडक चट्टा होता आणि त्यात पाण्याने भरलेला फोड. कपाळाच्या कडेलाही कातडी भाजल्यासारखी चमकत होती.

"ह्यां काय? कसां झालां ह्यां?"

व्हेन्सीने आत बघितलं. स्वयंपाकघरातून जॅनेटचं हसणं ऐकू येत होतं. "कायच नाय," ती पुटपुटली. "दुखत नाय."

सिल्व्हिया आत गेली. जॅनेट ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती. "आवडला?" तिने मोठ्या उत्साहाने विचारलं. "सरप्राइज! मालवणातलां बेस्ट पार्लर. स्ट्रेटनिंग केलंय. सहा म्हयने बघूक नको आता."

"तिच्या कानामागे फोड इलो हा."

"इस्त्री जरा लागली आसतली. क्रीम लावलां हा. लग्नापर्यंत जातलो."

"माका न इचारता केलंस?"

"अगो, तू कामावर होतंस. आनी इचारलां आसतां तर तू नायच म्हणतलंस," जॅनेट म्हणाली आणि कप पुढे केला.

सिल्व्हियाने कप घेतला नाही. ती बाहेर आली, फोडावर मलम लावलं, लेकीला कुशीत घेऊन आतल्या खोलीत दार लावून बसली. रोनी पर्यटकांची बोट लावून घरी आला तेव्हा तिने त्याला तो फोड दाखवला.

रोनीने वाकून बघितलं, जीभ टाळूला लावून च्च केलं. "जॅनेटनी बऱ्यासाठीच केल्यान गो. केसच ते. वाढतले परत."

"केसच ते?" सिल्व्हिया म्हणाली. "उद्या तू घरात नसताना कोणी तुझ्या बोटीचां इंजिन उघडल्यान, तुका न इचारता, आनी मगे सांगल्यान की बऱ्यासाठी केलंय, तर तू काय करशीत?"

"ता वेगळां."

"होय, वेगळांच. इंजिनाक दुखत नाय."

रोनीने पुन्हा एकदा तो फोड बघितला. पण बहिणीला एक शब्द बोलायला तो उठला नाही, आणि सिल्व्हियाला त्या दिवशी जॅनेटपेक्षा त्याचाच राग जास्त आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर जायच्या आधी त्या पार्लरमध्ये गेली. पार्लर चालवणारी स्वप्ना नावाची तिच्याच वयाची बाई होती. नुकती शटर उघडून अगरबत्ती लावत होती. सिल्व्हिया भांडायच्या तयारीनेच आत शिरली.

"काल तुम्ही एका पाच वर्षांच्या मुलीचे केस सरळ केलेत. एवढ्या लहान पोरीच्या डोक्याला औषध लावताना तुम्हाला काही वाटलं नाही?"

स्वप्ना गोंधळली. "मॅडम, मी आधी नकोच म्हटलं होतं. एवढ्या लहान वयाला आम्ही करत नाही. पण तिची आई हट्टालाच पेटली. म्हणाली, जबाबदारी माझी."

"कोणाची आई?"

"त्या मुलीची. मुंबईच्या मॅडम."

"तिची आई मी," सिल्व्हिया म्हणाली.

स्वप्नाच्या हातातली अगरबत्ती तशीच राहिली. मग तिची शुद्ध मराठी गळून पडली. "देवाशपथ सांगतंय, माका ठावक नाय. ती म्हणाली, 'मी आवय, मी सांगतंय, कर.' मी चेडवाक दोनदा इचारलंय, भाजता काय म्हणून. तेनी आधी त्या बाईच्या तोंडाकडे बघल्यान, मगे नाय म्हटल्यान. डोळ्यांतसून पाणी येय होतां, तरी नाय म्हणा होतां. बाई तेका सांगा होती, 'रडलंस तर फुलां दुसऱ्याच्या हातात जातली.' माका वाटलां, आवयच ती, काय बोलूचां?"

सिल्व्हिया तिथल्या खुर्चीवर बसली. ज्या खुर्चीवर आदल्या दिवशी उंची पुरावी म्हणून फळी टाकून व्हेन्सीला बसवलं होतं, तीच ती खुर्ची. दातांवर दात दाबून बसलेली पाच वर्षांची पोर तिला समोरच्या आरशात दिसली. भाजतंय हे सांगितलं तर फुलं जातील, म्हणून बसलेली.

"तुमचीही चूक आहे," ती शेवटी स्वप्नाला म्हणाली. "पोराच्या डोळ्यांत पाणी दिसतं तेव्हा हात थांबवायचा. मग समोर आवय असो नाय तर कोणी असो."

स्वप्ना मान खाली घालून उभी राहिली. "चुकलां," ती म्हणाली.

सिल्व्हिया त्या दिवशी दुकानात गेलीच नाही. मिळेल ती रिक्षा धरून घरी आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रोस होता, नवरदेवाला नारळाच्या रसाने न्हाऊ घालायचा सोहळा. त्यासाठी मागच्या पडवीत बायका गोल करून नारळ खवत होत्या. मधोमध मार्गारेट, तिच्या शेजारी जॅनेट. व्हेन्सी एका कोपऱ्यात बाहुलीच्या केसांवरून हात फिरवत बसली होती.

"जॅनेट," सिल्व्हिया म्हणाली, "तू पार्लरात सांगलंस, तू तिची आवय म्हणून?"

खवण्यांचा आवाज थांबला.

जॅनेट हसली. "अगो, त्या बाईक पटवूक सांगूचां लागला. त्यात काय?"

"त्यात काय? तू माझ्या चेडवाची आवय झालंस, आनी तेका भाजताना बघत बसलंस. ता रडा होतां. तू तेका धमकी दिलंस, रडलंस तर फुलां देवचंय नाय. आवय असां करता?"

"सिल्व्हिया," मार्गारेट म्हणाली, "लग्नाच्या घरात तमाशो नको."

"तमाशो मी करतंय, मम्मी? माझ्या लेकीच्या मानेवर फोड इलो तेव्हा कोणाक तमाशो दिसाक नाय?" सिल्व्हियाचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. "पाच वर्षां मी ऐकतंय. काथ्यो, सोडणां, झिपरां. मासेवाली बोलता, कंडक्टर बोलता, चर्चीत बोलतत. पोराच्या तोंडावर बोलतत, तेका कान नाय असल्यासारखे. कोणाच्या घरात मी केस मागूक गेलंय? कोणाचां काय खाल्ल्यान तिच्या केसांनी?"

जॅनेटचा चेहरा लाल झाला होता. "मी तिच्यावर पैशे खर्च केलंय, प्रेमानी केलंय, आनी तू माका चार बायकांत..."

"माका तुझी माफी नको," सिल्व्हिया म्हणाली. "तिच्यासमोर बस आनी तिका सांग, की तुझां चुकलां."

"पाच वर्षांच्या पोराची माफी?" जॅनेटला आता खरोखरच हसू आलं. दोनतीन बायकाही हसल्या, मग एकमेकींकडे बघून पुन्हा नारळ खवू लागल्या. "असलां मी कधी ऐकाक नाय."

"मग व्हेन्सी लग्नात फुलां धरूची नाय," सिल्व्हिया म्हणून गेली.

तेवढ्यात कोपऱ्यातून रडणं फुटलं. आदल्या दिवशी भाजताना जिने आवाजही काढला नव्हता ती पोर आता हमसाहमशी रडत होती. "मम्मा, माका फुलां धरूची आसत. माका दुखूक नाय गो. खरांच दुखूक नाय."

सिल्व्हियाचा सगळा जोर तिथेच सरला. तिने लेकीला उचललं. "धर, बाय. फुलां तूच धर," ती म्हणाली, आणि जॅनेटकडे न बघता आत गेली. आपण जिंकता जिंकता हरलो, आणि हरवणारी आपलीच लेक, तीही खोटं बोलून, हे तिला रात्रभर सलत राहिलं.

लग्न झालं. व्हेन्सी फुलं घेऊन मोजकी पावलं टाकत चालली. फोड झाकण्यासाठी सिल्व्हियाने झग्याला उंच गळ्याची लेस शिवली होती. जॅनेटने सगळ्यांना फोटो दाखवले: "बघा, कितक्या गोड दिसता." लोकांनीही तेच म्हटलं. त्या दिवसांत गावात कोणीही व्हेन्सीला काथ्यो म्हटलं नाही, आणि सिल्व्हियाला त्या कौतुकाचीच जास्त चीड आली. जॅनेट मंगळवारी मुंबईला परतली. निघताना सिल्व्हियाला म्हणाली, "राग सोड गो," आणि उत्तराची वाट न बघता गाडीत बसली.

पंधरवड्यात केस तुटायला लागले. उशीवर, गणवेशाच्या खांद्यावर, पाटावर, जिथे तिथे बोटभर लांबीचे तुकडे. मुळाशी नवे नागमोडी केस, खाली मेलेले सरळ, आणि दोन्हींच्या सांध्यावर ते काडीसारखे मोडायचे. नारळाचा रस झाला, जास्वंद झाली, त्यांच्यात काही शिरेना. शेवटी सिल्व्हियाने एका दुपारी कात्री घेतली. कानांपर्यंत केस कापताना व्हेन्सी हूं की चूं करीत नव्हती. कापून झाल्यावर तिने आरशात बघितलं आणि विचारलं, "आता आंटी माका फोटोत घेवची नाय?"

रोनी दारात उभा होता. जमिनीवर पडलेले तुकडे त्याने स्वतः वाकून गोळा केले, मुठीत धरून बराच वेळ बघितले आणि नारळाच्या आळ्यात टाकून आला. त्यानंतर रविवारी गोड्या पाण्याचा कॅन तोच भरून आणू लागला. सिल्व्हियाने त्याला तसं सांगितलं नव्हतं.

गणपतीच्या सुट्टीतल्या एका रविवारी जॅनेटचा व्हिडिओ कॉल आला. सिल्व्हियाचे हात व्हेन्सीच्या डोक्यात गुंतलेले, म्हणून रोनीने फोन लेकीसमोर धरला.

"हाय बेबी! अगो, केस खंय गेले तुझे?"

"मम्मान कापले. तुटा होते," व्हेन्सी म्हणाली. मग जरा थांबून, पाटावरच्या पायांची बोटं मोजत असल्यासारखी खाली बघत म्हणाली, "आंटी, माका तेव्हा भाजलेलां. खूप भाजलेलां. मी खोटां सांगलेलंय."

सिल्व्हियाची फणी थांबली. हे तिने शिकवलं नव्हतं. महिनोन् महिने ती मनातल्या मनात जॅनेटला काय काय सुनावत आली होती, पण हे त्यात कुठेच नव्हतं.

फोनमध्ये जॅनेटने नजर दुसरीकडे वळवली. "बरां, बरां," ती मग म्हणाली. "नेटवर्क बरां नाय हयसर," आणि फोन बंद झाला.

थोड्या वेळाने रोनीच्या फोनवर तिचा मेसेज आला. रोनीने तो वाचला, आणि सिल्व्हियाने विचारायच्या आधीच तिला दाखवला. 'लहान पोराच्या मनात असं काही भरू नका. मोठ्यांशी कसं बोलायचं ते तिला शिकवा.'

सिल्व्हियाने फणी खाली आपटली. पण ती तोंड उघडायच्या आत रोनी फोन घेऊन अंगणात उतरला. माडाखाली उभा राहून त्याने नंबर लावला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्याला बहिणीवर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. आज शेजारच्या अंगणातली माणसंही वळून बघू लागली.

"नाय, तू ऐक आता," रोनी म्हणत होता. "माझ्या चेडवाच्या मनात कोणी कायच भरूक नाय. तेका भाजलां, तेनी सांगल्यान. तू म्हणालंस, मी तिची आवय. मगे आवशीन कसां ऐकूक होयां ता तू शीक आधी. नाय, मम्मीक फोन देवचंय नाय. माझ्याशी बोल."

मार्गारेट ओटीवर येऊन उभी राहिली होती. तिने अंगणातल्या लेकाकडे बघितलं, मग पाटावरच्या नातीकडे. आत जाऊन कोरडा टी-शर्ट घेऊन आली आणि सिल्व्हियाच्या हाताशी ठेवला.

सिल्व्हियाचा राग काही उतरला नव्हता. तो उतरावा असं तिला वाटतही नव्हतं. तिने एवढंच केलं, फणी पुन्हा उचलली आणि बोटभर वाढलेल्या त्या ओल्या केसांची टोकं सोडवायला घेतली. ओढ बसली तशी व्हेन्सी मोठ्याने ओरडली, "दुखता गो मम्मा!"

"बरां केलंस सांगलंस," सिल्व्हिया म्हणाली, आणि हात हलका केला.